मित्राचं विमान आणि आईची शपथ

वाचकाचं पत्र (नावं काढून, थोडं आटोपशीर करून):

ताई, नमस्कार. मी चांदूर रेल्वे तालुक्यातला शेतकरी, वय ४१. जोडीला कृषी केंद्र आहे. माझा शाळेपासूनचा दोस्त पुण्यात चांगला नावारूपाला आलाय. मधे काही वर्षं अमेरिकेत होता, तिथे त्याने विमान चालवायचं लायसन काढलं. आता एका भागीदारासोबत त्याने चार सीटचं छोटं विमान घेतलंय, सेस्ना १७२ म्हणतात त्याला. दिवाळीत ते विमान घेऊन तो अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरणार आणि मला, बायकोला नि आमच्या ९ वर्षांच्या पोराला फिरवणार. बेत असा आहे की तो सकाळी ११ पर्यंत येईल, आमच्याकडे जेवेल, मग दुपारी लोणारचं सरोवर वरून बघायचं आणि येताना आमच्या गावावरून, शेतावरून अगदी खाली घेऊन एक चक्कर मारायची. गावात सगळ्यांना सांगून झालंय. पोरांनी गच्चीवरच्या जागासुद्धा वाटून घेतल्यात. साळा म्हणतो मीही येतो, पोराला मांडीवर घेऊ.

बायको म्हणते मी येत नाही, पोरालाही नेऊ नका. आईने तर शपथच घातली, "त्या पंख्याच्या डबड्यात बसशील तं माझं मेलेलं तोंड पाहाशील." मित्राला हे सांगितलं तर हसला, "काहून भेतं बे? मोठ्या विमानाएवढंच सेफ असते हे. रोडवर जास्त मरतात लोकं." दिवाळीत नाही जमलं तर मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला विमान घेऊन येतो म्हणतो.

खरं सांगू का ताई, माझ्याही पोटात गोळा येतो. पण नाही म्हणावं तर दोस्ती तुटते, आणि गावात हसं होते. काय करू? आणि गेलोच तर पेट्रोलचे पैसे द्यायचे का?

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

विमानात बसायला हरकत नाही. पण तुम्ही लिहिलाय तो बेत मोडा, अख्खा मोडा. नवा बेत करा आणि तो मित्राला फोनवर सांगून टाका. का, ते आता सविस्तर लिहिते.

आधी मित्राचं वाक्य घेऊ. रस्त्यावर जास्त माणसं मरतात हे खरं, कारण रस्त्यावर माणसंच जास्त असतात. पण चार सीटचं खासगी विमान मोठ्या विमानाएवढं सुरक्षित असतं हे खरं नाही, आणि ज्याच्या खिशात लायसन आहे त्याने तरी असं म्हणू नये. अमेरिकेत अशी विमानं भरपूर उडतात आणि त्यांचा हिशेबही नीट ठेवला जातो. तिथे अशा छोट्या विमानांच्या उड्डाणांत दर १ लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. प्रवासी कंपन्यांच्या विमानांचा आकडा याच्या कितीतरी खाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईहून बेलोऱ्याला जी विमानसेवा सुरू झाली, तिचं एटीआर ७२ विमानही पंख्याचंच. पण त्याला इंजिनं दोन, पायलट दोन, आणि आज उडायचं की नाही हे ठरवायला मागे अख्खी कंपनी. तुमच्या मित्राकडे इंजिन एक, पायलट एक, आणि उडायचं की नाही हे ठरवणारा माणूसही तोच, ज्याने तुम्हाला शब्द दिलाय आणि ज्याच्यासाठी गाव गच्चीवर उभं राहणार आहे. सगळ्यात मोठा धोका मला या शेवटच्या गोष्टीत दिसतो. पंख्यात नाही.

आईंचं "डबडं" मात्र मी मान्य करणार नाही. सेस्ना १७२ हे विमान १९५६ पासून बनतंय, ४४ हजारांहून जास्त बनली, जगात दुसरं कुठलंही विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही. पायलट व्हायला निघालेली पोरं देशोदेशी याच विमानावर शिकतात, म्हणजे नवशिक्यांच्या चुका सहन करण्यासाठीच ते प्रसिद्ध आहे. इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येत नाही. हजार मीटर उंचीवर असलं तर तरंगत तरंगत नऊएक किलोमीटर पुढे जाऊ शकतं, तेवढ्यात पायलटने मोकळी जागा हेरायची असते. आपल्याकडे दिवाळीला सोयाबीन निघून गेलेलं असतं, अशी शेतं सापडतात. अर्थात परतीचा पाऊस लांबला आणि काळी माती ओली असली तर चाक रुतून विमान नाकावर येऊ शकतं, हेही तितकंच खरं. आणि पंख्याचं म्हणाल तर आईंना सांगा, त्यांच्या लहानपणी मुंबई-कलकत्त्याचं टपाल पंख्याच्याच विमानांनी जायचं. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारी दिशांनी टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला येऊन थैल्यांची अदलाबदल करायची. पंख्याचं विमान विदर्भाला काही नवं नाही.

तेव्हा विमान ठीक आहे. आता विमान चालवणाऱ्याकडे वळू, आणि इथे तुम्हाला थोडा संकोच सोडावा लागेल.

खासगी लायसन अमेरिकेत काय किंवा आपल्याकडे काय, किमान ४० तासांच्या उड्डाणावर मिळू शकतं. आपल्याकडे वय १७ पूर्ण आणि दहावी पास एवढी अट. म्हणजे लायसन आहे याचा अर्थ माणूस एकदा परीक्षेला उतरला, एवढाच. दुसरं, अमेरिकेतलं लायसन खिशात आहे म्हणून भारतात नोंदलेलं, व्हीटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचं विमान चालवता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, ते इथलं करून घ्यावं लागतं, वैद्यकीय तपासणी चालू असावी लागते. विमानाचंही तसंच, नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचे कागद लागतात, आणि त्या योग्यतेची दरवर्षी फेरतपासणी होते. बेलोऱ्यासारख्या ठिकाणी यायचं म्हणजे उड्डाणाचा आराखडा आधी द्यायचा, एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राची नोंद) हे दोन क्रमांक घ्यायचे, विमानतळाच्या वेळा बघून उतरायची, विमान उभं करायची परवानगी काढायची. हे सगळं तो करत असेलच. तरी विचारा. "तुझं इथलं लायसन झालं ना रे?" एवढा साधा प्रश्न आहे. चांगल्या पायलटला असे प्रश्न आवडतात, तो अर्धा तास सोडत नाही तुम्हाला. चिडला, टोलवाटोलवी केली, तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

मी असते तर आणखी दोन गोष्टी विचारल्या असत्या. एक, या वर्षात एकूण किती तास उडालास आणि गेल्या महिन्यात किती? गडी वर्षभर धंद्यात बुडालेला आणि फक्त दिवाळीला विमान बाहेर काढणारा असेल, तर त्याने आधी प्रशिक्षकासोबत चार चकरा मारून हात बसवावा आणि मग यावं. दोन, उड्डाण ठरलेलं असताना तू शेवटचं कधी रद्द केलंस, आणि कशामुळे? हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ढग होते म्हणून परत फिरलो, मुंबईची मीटिंग गेली, असं काही तो सहज सांगेल तर बिनधास्त बसा. "आपण कधीच रद्द करत नाही" म्हणाला, तर त्याला फराळाला बोलवा, विमानात बसू नका.

"काहून भेतं बे" हे मात्र मला खटकलं. तुमच्या मनात भीती आहे, ती खरी आहे, आणि तिची टिंगल करणं हे पायलटचं काम नाही. पण शाळेपासूनचे दोस्त तुम्ही, बोलण्याची ही तऱ्हा जुनीच असणार. म्हणून एवढ्यावरून मी त्याला बाद करत नाही.

आता त्या गावावरच्या चकरेबद्दल. अख्ख्या बेतात हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची आहे आणि तुम्ही ती एका ओळीत लिहिलीत, जशी काही ती शेवटची मिठाई.

काय होतं बघा. विमान खाली आणलं, लोकांना नीट दिसावं म्हणून वेग कमी केला. तुम्ही म्हणालात, "ते बघ आपलं घर, ते बघ आई उभी!" पायलटने मान वळवून खाली पाहिलं, घर खिडकीत राहावं म्हणून विमान तिरकं केलं, वळण आणखी आवळलं. वळणात पंखांवर भार वाढतो, वेग तर आधीच कमी. एका क्षणी पंख हवेला धरून ठेवायचं सोडतात. याला पायलट लोक स्टॉल म्हणतात. इंजिन व्यवस्थित चालू असतं, तरी विमान एका अंगावर कोसळतं. हजार मीटरवर हे झालं तर नाक खाली करून, वेग घेऊन सावरता येतं, शिकताना ते मुद्दाम करूनही घेतात. गच्चीपासून शंभर मीटरवर झालं तर सावरायला खाली जागाच नसते. त्यात कृषिपंपांच्या तारा. खालून आपल्याला त्या आभाळावर काळ्या रेघांसारख्या दिसतात, वरून मात्र मातीच्या आणि पिकाच्या रंगात पार मिसळून जातात.

म्हणून नियम आहे की वस्तीवरून जाताना आसपासच्या ६०० मीटरमधल्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या किमान ३०० मीटर वर असलं पाहिजे, आणि मोकळ्या रानावर किमान १५० मीटर. ३०० मीटरवरून गेलेलं विमान गावाला चांगलं दिसतं, आवाजही भरपूर येतो. ज्याला पोरांना टाटा करायचाय त्याचं तेवढ्याने भागतं. त्याच्याहून खाली यायचा हट्ट असेल तर तो हट्ट कुणाचा आहे, हे एकदा स्वतःला विचारा. मला वाटतं तो मित्रापेक्षा तुमचाच आहे.

आणि इथेच तुमच्या हातात एक काम आहे, जे मित्र स्वतः करू शकत नाही. त्या दिवशी ढग आले, वारा सुटला, इंजिनाचा आवाज त्याला जरा वेगळा वाटला, तर "आज नको" म्हणायची मोकळीक त्याला तुम्ही द्यायची. गावात शंभर माणसं वाट बघत असताना हे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत. भले भले अनुभवी पायलट याच भिडेपोटी नको त्या हवेत शिरलेत. तेव्हा गावाला तुम्हीच सांगा की चक्कर रद्द, विमान बेलोऱ्यालाच राहणार. हसणारे एक दिवस हसतील, दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या भावावर बोलतील. आणि मित्राला एकट्यात गाठून आपल्या भाषेत सांगा, "हे पाय, त्या दिवशी तुले जरा जरी वाटलं का नको, तं नाही म्हण. आपण गाडीनं चिखलदऱ्याले जाऊ. मले काहीच वाटणार नाही." असं सांगितल्याने दोस्ती तुटत नाही. या कामात कुणी त्याला असं सांगितलंच नसेल कदाचित.

वेळेचं गणितही बदला. पुणे ते अमरावती हवेतून साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर. सेस्ना ताशी २०० ते २२० किलोमीटरने जाते, म्हणजे सव्वादोन तास सलग एकट्याने चालवून तो ११ वाजता उतरणार. मग तुमच्याकडे दिवाळीचं जेवण, पुरणपोळी, वर तूप. मग भर दुपारी पुन्हा लोणारपर्यंत जाऊन-येऊन दीड-दोन तास. पोटभर जेवून ट्रॅक्टरवरसुद्धा डुलकी येते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय दुपारी जमीन तापली की गरम हवेचे लोट वर उठतात, छोटं विमान त्यात खालीवर आदळत राहतं. विमानाला त्याने काही होत नाही, पोटातल्या पुरणपोळीचं मात्र सांगता येत नाही. तेव्हा मित्राला त्या दिवशी मुक्कामाला ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या वेळेत जितकं सकाळी जमेल तितकं सकाळी उडा. धुकं किंवा धुरकट हवा असेल तर ती निवळेपर्यंत थांबा. ज्या उड्डाणात पायलट नजरेच्या भरवशावर जातो, त्याला समोरचं किमान ५ किलोमीटर दिसावं लागतं. तसंच "संध्याकाळी दिव्यांची रोषणाई वरून बघू" असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबवा. सूर्यास्तानंतर नजरेच्या भरवशावरचं उड्डाण आपल्याकडे सर्वसाधारणपणे चालत नाही.

मे महिन्याला तर माझा सरळ नकार. अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटर उंच. पण ४५ अंशाच्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण दीड हजार मीटरवरून उड्डाण घेतोय. म्हणजे चिखलदऱ्याहूनही वर. इंजिनाची ताकद उतरते, पंखांखाली हवा कमी पडते, धावपट्टी जास्त खाल्ली जाते आणि वर चढणं रेंगाळतं. पहाटेच्या वेळी, दोनच माणसं घेऊन जाणारे जातात. पण लग्नाच्या गडबडीत, वऱ्हाडाला दाखवायला, दुपारच्या मुहूर्तानंतर? नाही. वर मे महिन्यातल्या वळवाच्या पावसाचा काय भरवसा, तासाभरात आभाळ काळं होतं.

साळेबुवांचं नाव काढून टाका. विमान म्हणजे काळीपिवळी नव्हे, की मागच्या दारात एक पाय ठेवून आणखी एक जण मावेल. ९ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन उडता येत नाही. दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा लागतो. आणि सीट चार आहेत म्हणून चार धडधाकट माणसं बसतातच असंही नाही. अलीकडच्या सेस्ना १७२ चं उड्डाणावेळचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमानच ७७० च्या आसपास. टाक्या भरल्या की साधारण २०० लिटर इंधन, त्याचे १४५ किलो. उरले २४० किलो, त्यात पायलट, प्रवासी, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या सगळं आलं. मित्र ८० धरा, तुम्ही ८२, वहिनी ६२, पोरगा २८, झाले २५२. साळेबुवांशिवायच हिशेब चुकला! जवळच फिरायचं असेल तर मित्र इंधन कमी भरून हे जुळवेल, त्यात काही गैर नाही. पण त्यासाठी त्याला खरी वजनं लागतात. कृषी केंद्रात वजनकाटा असेलच, त्यावर उभे राहा आणि चपलेसकट जो आकडा येईल तो कळवा. वजन विचारलंच नाही, तर तुम्हीच विचारा की बाबा, तू हिशेब कधी करणार?

तर नवा बेत असा. पहिल्या खेपेला तुम्ही एकटेच बसा. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं, बेलोऱ्याच्या आसपास, आणि परत. लोणार राहू द्या. वरून ते जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद गोल खड्डा फार सुंदर दिसत असणार, मलाही मोह होतो. पण त्या विमानात संडास नाही, मधे थांबायची सोय नाही, आणि पहिल्यांदा बसणाऱ्याला मळमळलं तर पाऊण तास लांब असणं वाईट. तुम्ही खाली उतरलात, चेहऱ्यावर रंग असला, तर पोराची पाळी. तो मागे बसेल. पुढच्या सीटसमोरही चाक आणि पायाशी पॅडल असतात, पायलटसारखीच, आणि ती खोटी नसतात. ९ वर्षांच्या हाताला ती लांबच बरी. तुम्ही पुढे बसलात तर गुडघे आवरून बसा, कॅमेऱ्याचा पट्टा त्या चाकात अडकू देऊ नका.

आता तिथे गेल्यावर काय काय दिसेल ते सांगते, म्हणजे दचकणार नाही.

उडण्याआधी मित्र विमानाभोवती फिरेल, सगळं हाताने चाचपेल. पंखाखाली वाकून एका पारदर्शक छोट्या पेल्यात थोडं इंधन काढेल आणि उजेडाकडे धरून बघेल. या इंधनाला निळसर रंग दिलेला असतो. तळाशी रंग नसलेला थेंब दिसला तर ते पाणी. मग तो पुन्हा काढेल, पुन्हा बघेल, पाणी संपेपर्यंत. पोराला हे जवळून दाखवायला सांगा. आणि या वेळात मित्राशी गप्पा मारू नका. यादी वाचत असताना मधेच कुणी बोललं की एखादी ओळ सुटते.

विमानाकडे नेहमी मागच्या बाजूने जायचं, पंख्याच्या समोरून कधीच नाही, बंद असला तरी नाही. फिरणारा पंखा दिसतच नाही. उतरतानाही पंखा पूर्ण थांबेपर्यंत दार उघडायचं नाही. पोराचा हात तुमच्या हातात. सोडू नका.

बसल्यावर सीट पुढेमागे सरकवून बघा. ती रुळांवर असते आणि खटक्यात नीट बसली नसेल तर विमान धावायला लागल्यावर मागे घसरते. माणूस घाबरून समोर येईल ते धरतो, आणि समोर असतं ते चाक. ते ओढलं की नाक वर. म्हणून आधीच हलवून पक्कं करा. पट्टा कसा सोडायचा, दार कसं उघडायचं, हे मित्राने तुम्हाला सांगितलंच पाहिजे, न विचारता. कानाला हेडफोन लागतील, त्यातूनच बोलायचं. चढताना आणि उतरताना तोंड बंद. फक्त घारी किंवा दुसरं विमान दिसलं तर लगेच सांगा, त्याला तुमचे डोळे उपयोगी पडतात.

धावपट्टीवर जाण्याआधी तो एका जागी उभा राहून इंजिन मोठं करेल आणि किल्ली एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवेल. आवाज किंचित बसेल, पुन्हा चढेल. इंजिन बिघडलेलं नसतं. त्याला ठिणगी देणाऱ्या यंत्रणा दोन असतात, एक-एक बंद करून तो दोन्ही चालतात ना बघतोय. उतरताना, चाकं टेकायच्या जरा आधी, एक लांबट शिट्टी ऐकू येईल. तीही रोजचीच, वेग कमी झाल्याची सूचना. आणि चुकून हवेत दार उघडलं, तर फार मोठा आवाज होईल, वारा येईल, पण विमान उडत राहील. तुम्ही दार ओढत बसू नका, मित्राला धरू तर मुळीच नका, त्याला त्याचं काम करू द्या.

सकाळी हलकं खा, उपाशी जाऊ नका. दूर क्षितिजाकडे बघत राहिलं की मळमळ कमी होते, मोबाईलमध्ये डोकं घातलं की वाढते. तोंडात आल्याचा तुकडा ठेवा. मळमळीची गोळी घ्यायची तर डॉक्टरला विचारून, झोप येते तिने. कागदी पिशवी खिशात असू द्या. कान दडपले तर आवंढा गिळा, पोराला गोड गोळी चघळायला द्या. सर्दीने नाक बंद असेल तर त्या दिवशी बसूच नका, खाली येताना कान फार दुखतो. आणि विमानतळाच्या फाटकाशी सगळ्यांची ओळखपत्रं लागतील, आतल्या बाजूला गावकऱ्यांना हार घेऊन येता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

वहिनींचं म्हणणं मला पटतं, आणि त्यात भीतीपेक्षा शहाणपण जास्त आहे. आई-बाप दोघं एकाच छोट्या विमानात आणि घरी म्हातारी आई, हे कुणाच्याही मनात येईल. त्यांना यायचंच असेल तर तुम्ही खाली राहा. नसेल यायचं, तर एकदा विचारा, दुसऱ्यांदा नाही. पोराच्या बाबतीत मात्र निर्णय दोघांचा. वहिनी तुम्ही उतरल्यावरही "नाही" म्हणाल्या, तर पोराने त्या दिवशी पंखाला हात लावून, आत बसून, हेडफोन घालून फोटो काढावा आणि घरी यावं. त्याचं वय पळून जात नाही.

आईंची शपथ मी कशी मोडू? ती तुम्ही चोरून मोडू नका एवढंच सांगते. गुपचूप जाऊन आल्यावर कुणीतरी फोटो दाखवणारच. त्यापेक्षा आदल्या रात्री मित्राला त्यांच्यासमोर बसवा. पायलट म्हणून नको, लहानपणी ज्याने त्यांच्या हातची भाकर खाल्ली तो पोरगा म्हणून. त्यांना काय विचारायचंय ते विचारू द्या. त्याने "काकू, हवा बरोबर नसली तर मी नेणारच नाही याला" असा शब्द दिला, तर बहुतेक आया शपथ परत घेतात. नाही घेतली तर राहू द्या. मित्र समजून घेईल, आणि नाही घेतलं तर ती दोस्ती विमानाआधीच पातळ झालेली होती.

विम्याचे कागद काढून वाचा. अपघाती मृत्यूच्या फायद्यात विमानाबद्दल वेगळी अट असते. काही पॉलिसींत तिकीट काढून बसलेलाच प्रवासी धरतात, काहींत फुकट बसलेलाही चालतो, पण अधिकृत विमानतळांच्या मधलं उड्डाण हवं असतं. एजंट तोंडी "होऊन जाते" म्हणेल. त्याला ती ओळ बोटाने दाखवायला लावा.

राहिले पेट्रोलचे पैसे. देऊ नका. खासगी लायसनवर भाडं घेऊन माणसं उडवता येत नाहीत. तुम्ही प्रेमाने पाकीट दिलंत तरी उद्या कुणी विचारलं तर तो अडचणीत येईल. तुरीची डाळ द्या, घरचं तूप द्या, फराळाचा डबा द्या, तेही त्याच्या परतीच्या वजनात बसेल एवढंच. आणि मुक्कामाच्या रात्री जुने दोस्त जमले की बैठक बसणार हे मला माहीत आहे. उड्डाणाआधी १२ तास पायलटला दारू चालत नाही, हा नियम आहे. सकाळी ८ ला उडायचं तर रात्री ८ नंतर एक घोटही नाही, आणि त्याआधीही बेताचीच. तुम्ही यजमान, तेव्हा हे तुम्हीच सांभाळा. त्या रात्री बाटली काढूच नका, शेवभाजी करा. बैठक उड्डाण झाल्यावर, आणि तो त्याच दिवशी पुण्याला परतणार असेल तर पुढच्या खेपेला.